साठ सेकंदांचा सर्व्हर: तीन द्राक्षहंगामांनंतर एन्जिनएक्सच्या टाइमआउटविषयी

निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संगणकीय नोंदींचे काम गेले तीन हंगाम मी नाशिकमधून, गंगापूर रोडवरच्या माझ्या छोट्या कार्यालयातून पाहतो. निर्यातीच्या द्राक्षाला प्लॉटनिहाय फवारणीची नोंद लागते: कोणते औषध, कोणत्या तारखेला, किती मात्रेने मारले आणि काढणीला तेव्हा किती दिवस उरले होते. बागायतदार ही नोंद फोनवरून भरतात, सोबत बागेचे फोटो जोडतात आणि पॅकहाऊसचे व्यवस्थापक त्यावरून अहवाल काढतात. बागायतदाराचा फोन आणि आमचे पायथनमधले ॲप यांच्या मध्ये जो वेब सर्व्हर उभा आहे तो एन्जिनएक्स. त्याच्या वेगाची तारीफ आजवर पुष्कळांनी केली आहे, म्हणून ती येथे करत नाही. कोणाची वाट किती वेळ पाहायची हे हा सर्व्हर कसे ठरवतो आणि ते आपल्याला कितपत ठरवू देतो, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

इगोर सिसोयेव्ह या रशियन अभियंत्याने २००४ साली हा सर्व्हर सर्वांसाठी खुला केला, तेव्हा एकाच यंत्रावर दहा हजार कनेक्शने एका वेळी कशी सांभाळायची हा प्रश्न ऐरणीवर होता. २०१९ मध्ये एफ-फाइव्ह या कंपनीने त्यामागची कंपनी विकत घेतली. मुक्त आवृत्ती मात्र अजूनही विनामूल्य आहे आणि आम्ही तीच वापरतो. दहा हजार कनेक्शने सांभाळायची म्हणजे त्यांतली बहुसंख्य गप्प बसलेली असणार हे गृहीत धरावेच लागते. त्यामुळे गप्प बसलेल्याला कधी उठवायचे हा प्रश्न या सर्व्हरच्या रचनेतच आहे, आणि तो सोडवण्यासाठी दिलेली टाइमआउटची (वाट पाहण्याच्या कमाल काळाची) डिरेक्टिव्ह, म्हणजे कॉन्फिगरेशन फाइलमधल्या सेटिंग्ज, मोजायला बसलो तर दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत.

त्यांतल्या बहुतेकांचे मूळ मूल्य ६० सेकंद आहे. रिक्वेस्टचे (फोनकडून आलेल्या मागणीचे) हेडर, म्हणजे सुरुवातीची माहिती, वाचण्यासाठी ६०, बॉडी, म्हणजे त्यामागचा मजकूर किंवा फोटो, वाचण्यासाठी ६०, उत्तर पाठवण्यासाठी ६०, मागच्या ॲपशी जोडणी करण्यासाठी ६०, त्याला रिक्वेस्ट देण्यासाठी ६० आणि त्याच्याकडून उत्तर घेण्यासाठीही ६०. कीपअलाइव्ह, म्हणजे रिक्वेस्ट संपल्यावर कनेक्शन पुढच्या रिक्वेस्टसाठी उघडे ठेवण्याचा काळ, ७५ सेकंदांचा आहे. नवख्या माणसाला हे सोयीचे वाटते, मलाही वाटले होते. परंतु काही बिघडले आणि घड्याळात बरोबर एक मिनिट भरले, की या सहांपैकी कोणी हात वर केला हे नुसत्या आकड्यावरून ओळखता येत नाही. माझी पहिली तक्रार हीच आहे. मूळ मूल्ये ६०, ५५, ५० अशी वेगवेगळी ठेवली असती, तरी रात्री उशिरा लॉग (सर्व्हरची नोंदवही) वाचणाऱ्यांवर उपकार झाले असते.

याहून महत्त्वाची गोष्ट मला एका अवकाळी पावसाने शिकवली. फेब्रुवारीत, मण्यांत पाणी उतरायला लागलेले असताना पाऊस झाला, मण्यांना तडे गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जवळजवळ सगळ्याच बागायतदारांनी नुकसानीचे फोटो पाठवायला घेतले. एका प्लॉटचे आठ फोटो, प्रत्येकी तीन एमबी, म्हणजे एका रिक्वेस्टमध्ये चोवीस एमबीचा ऐवज. बागेत उभे राहून, टॉवरची एखादी रेघ दिसत असताना, सेकंदाला शंभर केबीच्या गतीने हे पाठवायला चार मिनिटे लागतात. त्या सकाळी नऊच्या सुमारास चांदवडच्या बाजूच्या एका बागायतदारांचा फोन आला: "भाऊ, निम्म्यापर्यंत जातंय आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतंय. तीनदा झालं." लॉग उघडला तर ४०८ या क्रमांकाच्या त्रुटींची रांग लागलेली होती. ४०८ म्हणजे समोरच्याने रिक्वेस्ट वेळेत पूर्ण केली नाही, म्हणून सर्व्हरने ती सोडून दिली.

दोष माझा होता. स्लोलोरिस नावाच्या हल्ल्याविषयी मी त्याआधी वाचले होते. या प्रकारात हल्लेखोर शेकडो कनेक्शने उघडतो आणि प्रत्येकावर हेडरची एकेक ओळ रेंगाळत पाठवत राहतो, म्हणजे सर्व्हर सगळ्यांची वाट पाहत अडकून पडतो. त्या धास्तीने मी 'क्लायंट हेडर टाइमआउट' आणि 'क्लायंट बॉडी टाइमआउट' ही दोन्ही डिरेक्टिव्ह १० सेकंदांवर आणून ठेवली होती. नावे इतकी सारखी की दोन्ही एकाच रीतीने मोजत असतील असे मी धरून चाललो, आणि तेथेच फसलो. हेडरचे घड्याळ संपूर्ण हेडर येईपर्यंतचा काळ मोजते. बॉडीचे घड्याळ मात्र एका वाचनापासून पुढच्या वाचनापर्यंतची शांतता मोजते. एखादा तुकडा जरी पोहोचला तरी ते पुन्हा शून्यावर येते. म्हणजे चार मिनिटे चाललेले अपलोड १० सेकंदांच्या मर्यादेतही सुखरूप पार पडू शकते, फक्त मध्ये दहा सेकंद काहीच आले नाही असे होता कामा नये. बागेत नेमके तेच होते. माणूस ओळीतून चालत बांधावर येतो, फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो आणि बारा-पंधरा सेकंद काहीच सरकत नाही. तेवढ्या शांततेत माझ्या सर्व्हरने अठरा एमबी आलेले असतानाही दार लावून घेतले.

त्याच दिवशी बॉडीचे मूल्य पुन्हा ६० केले आणि हेडरचे १५ ठेवले. हेडर काही केबींचेच असते. कितीही मंद नेटवर्कवर पंधरा सेकंदांत ते न येण्याचे सबळ कारण मला दिसत नाही. दुपारपर्यंत ४०८ची रांग थांबली. हा फरक अधिकृत मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेला आहे, प्रत्येक डिरेक्टिव्हखाली एकेका वाक्यात. ते वाक्य मी वाचले नव्हते, हे कबूल करायला हवे. तरीही एकसारख्या नावांनी दोन वेगळी मापे देणे ही रचनेतली उणीव आहे असे माझे मत कायम आहे.

अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरने येथे अधिक विचार केलेला दिसतो. त्याचे 'मॉड रेकटाइमआउट' हे मोड्यूल शांततेबरोबर किमान गतीही पाहते. मूळ मांडणीनुसार हेडरसाठी आधी वीस सेकंद मिळतात, पुढे येणाऱ्या प्रत्येक पाचशे बाइटमागे एकेक सेकंद वाढतो आणि चाळीसला मर्यादा संपते. बॉडीलाही असाच दर आहे, फक्त तेथे वरची मर्यादा नाही. म्हणजे चार मिनिटे प्रामाणिकपणे काम करणारा फोन तरून जातो आणि पन्नास सेकंदांनी एक बाइट टाकणारा लबाड पकडला जातो. एन्जिनएक्समध्ये तो लबाड बॉडीच्या घड्याळाला सहज चकवतो. त्याला आवरायचे तर एका पत्त्यावरून किती कनेक्शने उघडता येतील यावर वेगळी मर्यादा घालावी लागते. ती मी घातली आहे, परंतु गावातले सगळे फोन मोबाइल कंपनीच्या एकाच सार्वजनिक पत्त्याआडून येऊ शकतात, त्यामुळे ती बरीच सैल ठेवावी लागली.

एवढे असूनही हाच सर्व्हर मी का ठेवला, याचे कारण त्याच चोवीस एमबीमध्ये आहे. एन्जिनएक्स मूळ मांडणीत रिक्वेस्टची संपूर्ण बॉडी आधी स्वतःकडे, मोठी असेल तर तात्पुरत्या फाइलमध्ये, जमा करतो आणि मगच मागच्या ॲपला देतो. आमचे ॲप गनिकॉर्नवर, म्हणजे पायथन ॲप चालवणाऱ्या सर्व्हरवर, चालते आणि त्याचा साधा वर्कर (काम करणारी एक प्रक्रिया) एका वेळी एकच काम करतो. मंद फोनच्या चार मिनिटांसाठी असा एक वर्कर अडकला असता तर आठ बागायतदारांत माझे आठही वर्कर संपले असते. एन्जिनएक्स पुढे असल्यामुळे ॲपच्या वाट्याला एका क्षणात पूर्ण पोहोचणारी रिक्वेस्ट येते. वाट पाहण्याचे काम, ज्याला त्याच्याकडे जवळपास काहीच खर्च येत नाही, तो स्वतःवर घेतो. गनिकॉर्नच्या मार्गदर्शिकेतही पुढे एन्जिनएक्स ठेवावा अशी आग्रहाची शिफारस आहे, आणि मंद गिऱ्हाइकांना सांभाळणे हे तेथे दिलेले कारण आमच्या अनुभवाशी तंतोतंत जुळते. बॉडीचा आकार मात्र मुळात एक एमबीपुरताच मर्यादित असतो. तो वाढवला नाही तर ४१३, म्हणजे बॉडी फार मोठी असल्याची त्रुटी, मिळेल आणि टाइमआउटचा प्रश्नच उद्भवणार नाही.

मागच्या बाजूची, म्हणजे एन्जिनएक्स आणि ॲप यांच्यामधली घड्याळे, यांनी माझा सर्वांत जास्त वेळ खाल्ला. हंगामाच्या शेवटी पॅकहाऊसचे व्यवस्थापक सगळ्या प्लॉटांचा एकत्रित अहवाल काढतात. पहिल्या वर्षी नोंदी थोड्या होत्या, म्हणून तो वीस सेकंदांत येई. दुसऱ्या वर्षी तो ५०२ देऊन पडू लागला. हे गनिकॉर्नचे घड्याळ: वर्करने तीस सेकंदांत काम आटोपले नाही तर तो त्याला मारून नवा वर्कर उभा करतो, आणि एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये मागच्याने कनेक्शन अवेळी बंद केल्याची ओळ उमटते. ते मूल्य मी १२० केले. त्यानंतर ५०२ गेला आणि त्याच्या जागी ५०४ आला. ५०२ म्हणजे मागचा गेला आणि ५०४ म्हणजे मागचा आहे, परंतु बोलत नाही; हा भेद एन्जिनएक्स कटाक्षाने पाळतो आणि तो मला अतिशय उपयोगी पडला आहे.

या ५०४ने मात्र एक अख्खी संध्याकाळ घेतली. 'प्रॉक्सी रीड टाइमआउट', म्हणजे ॲपच्या उत्तराची वाट पाहण्याचा काळ, ६० सेकंदांचा असताना व्यवस्थापकांना त्रुटी दिसत होती ती दोन मिनिटांनी. ते घड्याळ लावून बसले होते, त्यामुळे त्यांच्या सांगण्यावर शंका घ्यायला जागा नव्हती. अखेर लॉगच्या मांडणीत मागच्या सर्व्हरला लागलेला वेळ छापण्याची सोय केली आणि पुढच्या प्रयत्नात ती ओळ समोर आली: एकूण वेळ १२०.००१, आणि मागच्या सर्व्हरचा वेळ म्हणून एका आकड्याऐवजी स्वल्पविरामाने जोडलेले दोन आकडे, ६०.००१, ६०.०००. आमचे ॲप दोन पोर्टांवर दोन प्रतींत चालते. पहिल्याने साठ सेकंदांत उत्तर दिले नाही म्हणून एन्जिनएक्सने तीच रिक्वेस्ट गुपचूप दुसऱ्याला दिली होती आणि तेथेही साठ सेकंद थांबून मग हात टेकले होते. पहिली प्रत त्या वेळी तोच अहवाल तयार करण्यात गुंतलेली होती. तो नव्वद सेकंदांनी पूर्ण झाला, तेव्हा घेणारा कोणी उरला नव्हता.

हा दोष नाही. 'प्रॉक्सी नेक्स्ट अपस्ट्रीम' या डिरेक्टिव्हचे मूळ मूल्यच त्रुटी किंवा टाइमआउट झाल्यास पुढच्याकडे जावे असे आहे. पोस्टसारख्या रिक्वेस्टच्या बाबतीत, म्हणजे दोनदा चालली तर नोंद दोनदा होईल अशांच्या बाबतीत, आवृत्ती १.९.१३पासून तो असे करत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु आमचा अहवाल साध्या गेट रिक्वेस्टने, म्हणजे फक्त माहिती मागणाऱ्या रिक्वेस्टने, निघत होता. भरीस भर म्हणून, मूळ मांडणीत एका अपयशाने मागचा सर्व्हर दहा सेकंदांसाठी बाद धरला जातो. एकाच वेळी चालू असलेल्या जड अहवालांनी दोन्ही प्रती त्या दहा सेकंदांच्या आत बाद केल्या की पुढची काही सेकंदे फवारणीची साधी नोंद भरणाऱ्यालाही क्षणात ५०२ मिळे आणि लॉगमध्ये मागे कोणी जिवंतच नाही अशा अर्थाची ओळ येई. प्रत्यक्षात दोन्ही प्रती धडधाकट होत्या, फक्त त्यांचा एकेक वर्कर जरा जास्त वेळ घेत होता. त्यात व्यवस्थापकांनी पान पुन्हा लोड केले की तिसरा आणि चौथा अहवाल सुरू होई. ब्राउझरने मध्येच साथ सोडली की एन्जिनएक्स ४९९ हा स्वतःचा, एचटीटीपीच्या प्रमाणात नसलेला क्रमांक लिहितो. त्या महिन्यातले ४९९ मी मोजले नाहीत.

उपाय एका जागी नव्हता. अहवालाच्या पत्त्यासाठी वेगळा लोकेशन ब्लॉक लिहून तेथे रीड टाइमआउट १८० सेकंद केला आणि टाइमआउट झाल्यास दुसऱ्याकडे जाणे बंद केले. येथेही एक खाच आहे: दुसऱ्याकडे जाणे बंद केले तरी टाइमआउट हे अपयश म्हणून मोजले जातेच, त्यामुळे किती अपयशांनंतर बाद धरायचे तो आकडाही वेगळा वाढवावा लागला. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये एका क्वेरीला मुळात काळाचे बंधनच नसते. तेथे १०० सेकंदांचे बंधन घातले. आता डेटाबेस १००, गनिकॉर्न १२०, एन्जिनएक्स १८० अशी चढती भाजणी आहे. आतले घड्याळ आधी वाजले की खरे कारण सांगणारी त्रुटी मिळते. बाहेरचे आधी वाजले तर आत काम चालूच राहते आणि बाहेर फक्त ५०४ची पांढरी पाटी दिसते. संपूर्ण साइटचा रीड टाइमआउट सरसकट ३०० किंवा ६०० करून टाकण्याचा सल्ला जागोजागी वाचायला मिळतो. तो मानला असता तर अडकलेली प्रत्येक रिक्वेस्ट पाच-दहा मिनिटे जागा धरून बसली असती.

'प्रॉक्सी कनेक्ट टाइमआउट', म्हणजे ॲपशी जोडणी होण्याची मुदत, मी ३ सेकंदांवर ठेवला आहे, कारण ॲप त्याच यंत्रावर आहे. त्याच्याकडून फार अपेक्षा मात्र ठेवू नये. ॲपचे सगळे वर्कर गुंतलेले असले तरी जोडणी ऑपरेटिंग सिस्टिमच स्वीकारून रांगेत उभी करते, त्यामुळे हे घड्याळ ओव्हरलोडवर जवळजवळ कधीच वाजत नाही. यंत्र बंद पडले किंवा फायरवॉलने पॅकेट गिळले तरच ते कामाला येते. हा आकडा वाढवू पाहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की मार्गदर्शिकेनुसार तो सहसा ७५ सेकंदांपलीकडे जाऊ शकत नाही.

पीएचपी वापरणाऱ्या माझ्या एका स्नेह्याचा अर्धा दिवस वाया गेला, तो येथे सांगायला हवा. त्याने प्रॉक्सीचा टाइमआउट वाढवला, सर्व्हर रीलोड केला, पुन्हा वाढवला, तरी ५०४ साठाव्या सेकंदालाच येत राहिला. पीएचपीकडे जाणारा रस्ता फास्टसीजीआय या वेगळ्या प्रोटोकॉलचा असतो आणि त्याचे 'फास्टसीजीआय रीड टाइमआउट' हे घड्याळ वेगळे आहे. लिहिलेले डिरेक्टिव्ह या रस्त्याला लागू नाही, हे एन्जिनएक्स कोठेही सांगत नाही. कॉन्फिगरेशनची चाचणी बिनबोभाट पास होते. शिवाय पीएचपीची स्वतःची कमाल वेळ लिनक्सवर डेटाबेसची वाट पाहण्यात गेलेला काळ धरतच नाही, त्यामुळे तिच्यावरही विसंबता येत नाही.

एककांविषयीही सावध राहावे. वेळेच्या जागी छोटा एम लिहिला तर तो मिनिटांचा, मोठा एम लिहिला तर महिन्यांचा, आणि आकाराच्या जागी तोच एम एमबींचा. म्हणून मी वेळ नेहमी सेकंदांतच लिहितो.

बाजारभावाची पट्टी आम्ही वेबसॉकेटवरून, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या कनेक्शनवरून, दाखवतो. तेथेही रीड टाइमआउटच लागू होतो: लिलाव थांबलेला असताना साठ सेकंद एकही भाव आला नाही की पट्टी तुटत असे. मर्यादा वाढवण्याऐवजी ॲपकडून दर तीस सेकंदांनी एक रिकामा संदेश पाठवायला लावला आणि प्रश्न मिटला, कारण या घड्याळाला हवी असते ती फक्त हालचाल.

रीलोडची पद्धत मात्र निर्विवाद उत्तम आहे. आधी चाचणी, मग रीलोड. जुने वर्कर हातातली कामे संपवून जातात आणि नवे वर्कर नवी मूल्ये घेऊन उभे राहतात. त्या अवकाळीच्या सकाळी बॉडीचा टाइमआउट मी शेकडो अपलोड चालू असताना बदलला आणि माझ्या रीलोडमुळे त्यांतले एकही तुटले नाही. जुने वर्कर वेबसॉकेट धरून तासन्‌तास रेंगाळू शकतात; त्यासाठी वेगळी मर्यादा घालता येते आणि ती घालावी.

ज्यांची गिऱ्हाइके शेतातून, घाटातून, पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांतून मंद नेटवर्कवर येतात आणि मागे मोजक्या वर्करांचे ॲप आहे, त्यांनी हा सर्व्हर बेलाशक घ्यावा. पण मार्गदर्शिकेतली टाइमआउटची प्रत्येक ओळ वाचण्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी. मागे ॲपच नाही आणि केवळ हल्ल्यांपासून बचाव हवा आहे, त्यांना अपाचेचे किमान गतीचे माप अधिक पटेल. एकत्रित अहवाल आम्ही या हंगामापासून पार्श्वभूमीत तयार करतो आणि झाला की व्यवस्थापकांना दुवा पाठवतो. त्यामुळे १८० सेकंदांचा तो ब्लॉक आता निरुपयोगी झाला आहे आणि द्राक्षाचे शेवटचे कंटेनर गेले की मी तो काढून टाकणार आहे. 'सेंड टाइमआउट', म्हणजे फोनला उत्तर पाठवण्याचे घड्याळ, पहिल्या दिवसापासून ६०वरच आहे. त्याला हात लावावा असे काहीही तीन हंगामांत लॉगमध्ये दिसलेले नाही.